माशी चावली, पण कोणती?

माशी हा काही कौतुकानं बोलायचा विषय नव्हे. आपल्या भाषेतही तिच्या वाट्याला फारसं चांगलं आलेलं नाही. रिकामटेकडा माणूस माशा मारत बसतो, जमत आलेल्या लग्नात कुठेतरी माशी शिंकते आणि तापट माणूस नाकावर माशी बसू देत नाही. पण या सगळ्या म्हणी झाल्या घरमाशीच्या. ती बिचारी जेवणाच्या ताटावर बसते, घाण पसरवते, पण चावत नाही. तिच्या तोंडाला चावायची सोयच नाही. ज्या माशा चावतात, रक्त पितात, गुराढोरांना सळो की पळो करतात, त्यांना मात्र आपण एकाच नावानं हाक मारतो. 'माशी चावली' म्हणतो आणि मोकळे होतो. कोणती माशी, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही.

माझ्या मनातही आलं नसतं. पण मी मूळची चंद्रपूर जिल्ह्यातली, मूल तालुक्यातली, आणि लग्न होऊन आले ती बेंगळुरूच्या यशवंतपूरला. माहेरी एका माशीनं आमच्या गोठ्याचं दावं रिकामं केलं. सासरी दुसऱ्या माशीनं आमच्या गल्लीत भांडण लावलं. दोन्हीकडची माणसं 'माशी' एवढंच म्हणत होती. पण त्या दोघींचं नातं शेळी आणि वाघाइतकंच जवळचं होतं. ते ज्यांनी ओळखलं त्यांची जनावरं वाचली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी माहेरची माशी. आमचा भाग धानाचा आणि तळ्यांचा. गावोगावी जुने मालगुजारी तलाव, त्यांना लोक मामा तलाव म्हणतात. पावसाळ्यात तलाव भरलेले, धानाच्या बांध्यांत गुडघाभर चिखल, काठाकाठानं उंच गवत. हे सगळं आपल्याला डोळ्याला गारवा देणारं, पण गोमाशीला ते बाळंतघर वाटतं. पाण्याच्या काठी झुकलेल्या पानांवर ती अंड्यांचा पुंजका चिकटवते. अळ्या फुटल्या की खाली ओल्या चिखलात पडतात आणि तिथले बारीकसारीक किडे खाऊन महिनोन् महिने वाढतात. पावसाळा आला की त्यातून गोमाशा बाहेर पडतात. कुणी तिला घोडमाशी म्हणतं, पशुवैद्यकांच्या पुस्तकात ती टॅबॅनस.

ही माशी लपून राहत नाही. मधमाशीपेक्षा थोराड, काही जाती तर इंचभर लांब. डोळे एवढे मोठे की डोकं म्हणजे डोळेच. ती उन्हाची, भर दुपारची. काळं, हलणारं काही दिसलं की झेपावते. त्यामुळे चिखलात नांगर ओढणारा काळा रेडा म्हणजे तिला आवतणच. विशेष म्हणजे रक्त पिते ती फक्त मादी. अंडी पोसायला तिला रक्त लागतं. नर फुलांतल्या मधावर समाधानी असतात.

आणि तिचं चावणं! डासाच्या तोंडात सुया असतात, तो कातडीत हळूच टोचतो आणि आपल्याला कळेपर्यंत पोट भरून उडून जातो. गोमाशीच्या तोंडात पाती असतात. ती कातडी चक्क कापते आणि जखमेत साचलेलं रक्त चाटते. ती उडून गेल्यावरही जखमेतून रक्ताचा ओघळ वाहत राहतो, त्यावर पुन्हा घरमाशा बसतात. बैल शेपटी आपटतो, कातडी थरथरवतो, कधीकधी जू टाकून पळत सुटतो. माणसाला चावली तर मोठा बाप्याही 'आई गं' म्हणतो. ग्रीसच्या सॉक्रेटिसानं स्वतःला अथेन्स शहराला चावून जागं ठेवणारी गोमाशी म्हणवून घेतलं होतं. शहरानं त्याला विषाचा प्याला का दिला असेल, हे गोमाशी चावलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही!

१९९६च्या पोळ्याला मी दोन्ही मुलांना घेऊन माहेरी गेले होते. आमच्या दादाकडे चांद्या आणि लाल्या ही बैलजोडी होती. दादानं स्वतः वाढवलेली. पोळ्याच्या चार दिवस आधी चांद्याला ताप भरला. चारा टाकला तर तोंड लावेना. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाव्याभोवती गोल गोल फिरायला लागला. थांबवला तर भिंतीला डोकं लावून जोर करायचा. "काय सांगू बाई तुले, त्याले समोरचा माणूस दिसतच नाही," दादा म्हणाला. म्हातारी माणसं म्हणाली, कुणाची तरी नजर लागली. कुणी म्हणालं, विषारी गवत खाल्लं असेल. नाल्याला पूर आलेला, त्यामुळे जनावरांचे डॉक्टर पोचले ते तिसऱ्या दिवशी. तोवर चांद्या आडवा झाला होता. त्यांनी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. लाल्याचाही घेतला. संध्याकाळी तालुक्याहून निरोप आला, सर्रा आहे.

चांद्या गेला. लाल्याला वेळेवर इंजेक्शन मिळालं, तो वाचला. त्या पोळ्याला आमच्या दारी एकच बैल सजला. वहिनीनं नैवेद्याचं ताट मात्र दोन्ही बैलांचं वाढलं. धानाची रोवणी झाली होती, म्हणून तो हंगाम कसाबसा निभावला, पण पुढच्या वर्षी जोड विकत घ्यायला दादाला सोसायटीचं कर्ज काढावं लागलं. घरात मुलीचं लग्न ठरलेलं असताना बैलाची किंमत म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला सांगायला नको.

डॉक्टर दोन घटका ओसरीवर बसले आणि त्यांनी जे समजावलं ते माझ्या कायमचं लक्षात राहिलं. सर्रा हा रक्तातल्या एका सूक्ष्म परजीवी जंतूचा रोग. ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या ब्रिटिश पशुवैद्यकानं १८८० साली तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माईल खान भागात घोड्या-उंटांच्या रक्तात हा वळवळणारा जंतू पहिल्यांदा पाहिला. जंतूला त्याचंच नाव मिळालं, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. आफ्रिकेत याचे भाऊबंद माणसांना 'झोपेचा आजार' देतात. तिथे तो त्सेत्से नावाच्या माशीच्या पोटात वाढतो, पिकतो आणि मग पुढे जातो. आपल्याकडे त्सेत्से नाही. मग आपल्याकडे तो पसरतो कसा?

इथेच गोमाशीच्या दुखऱ्या चाव्याचं मर्म आहे. तिचं चावणं इतकं झोंबतं की जनावर तिला पोटभर पिऊच देत नाही. शेपटीचा फटका बसतो आणि ती अर्ध्या जेवणावरून उठते. भूक तर भागलेली नसते. मग ती शेजारच्या जनावरावर जाऊन बसते आणि ताट पुन्हा मांडते. तेव्हा तिच्या पात्यांवर पहिल्या जनावराचं रक्त अजून ओलं असतं. जंतू त्या ओलाव्यात काही मिनिटंच तग धरतो, पण एका दावणीतल्या दोन बैलांमधलं अंतर कापायला माशीला कितीसा वेळ लागतो? माशी इथे नुसती घाणेरडी सुई असते. म्हणून डॉक्टर म्हणाले, "आजारी जनावर आधी लांब बांधा. माशीच्या तोंडचं रक्त वाटेत वाळलं पाहिजे." औषधाच्या बरोबरीचं हे औषध, आणि त्याला पैसा पडत नाही.

पुढे २००४ साली आमचा चंद्रपूर जिल्हा या जंतूपायी जगाच्या वैद्यकीय नकाशावर आला. एका खेड्यातल्या शेतकऱ्याला महिनोन् महिने चढउताराचा ताप येत होता. हिवताप म्हणून रक्त तपासलं, तर काचेवर दिसला सर्ऱ्याचा जंतू. हा रोग गुरांचा, माणसाला होत नाही अशीच तोवर सगळ्यांची समजूत होती. नागपूरच्या डॉक्टरांनी तो रुग्ण जगापुढे मांडला, जागतिक आरोग्य संघटनेनं आफ्रिकेतल्या झोपेच्या आजारावरचं सुरामिन हे औषध पुरवलं आणि तो शेतकरी बरा झाला. मग गावातल्या अठराशे लोकांच्या रक्ताची चाचणी झाली. काहींच्या रक्तात जंतूशी गाठ पडल्याच्या खुणा मिळाल्या, पण ज्यांच्यात त्या ठळक होत्या त्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर जंतू कुणाच्याच रक्तात नव्हता. मग त्या एकालाच का? उत्तर २००६ साली मिळालं. आपल्या रक्तात एक प्रथिन असतं, ते हा जंतू मारून टाकतं. त्या शेतकऱ्याच्या शरीरात जन्मापासून तेच तयार होत नव्हतं. त्याला लागण बहुधा माशीमुळे नव्हे, तर हाताच्या जखमेला आजारी जनावराचं रक्त लागून झाली असावी, असा तज्ज्ञांचा अंदाज होता.

ही हकिगत वाचली तेव्हा मला पहिल्यांदा धसका बसला आणि मग हायसंही वाटलं. म्हणजे आपल्या गोठ्यांत पिढ्यान् पिढ्या हा जंतू माशांबरोबर फिरत होता आणि आपलं रक्त निमूटपणे आपल्याला सांभाळत होतं!

आता सासरची माशी. यशवंतपूर म्हटलं की बाहेरच्यांना रेल्वे स्टेशन आठवतं, पण आम्हा रहिवाशांना आठवतं ते तुमकूर रोडवरचं मार्केट यार्ड. कांदा, बटाटा, लसूण, मिरची. महाराष्ट्राच्या नंबरप्लेटचा कांद्याचा ट्रक दिसला की मी आजही वळून बघते, न जाणो ड्रायव्हर आपल्याकडचा असायचा. 'हे' पीण्याच्या कारखान्यात नोकरीला होते, तेव्हापासून आम्ही याच गल्लीत. २०१४ साली डोक्यावरून मेट्रो धावायला लागली, आजूबाजूला अपार्टमेंट उठली, पण गल्लीच्या टोकाला अज्जींचा गोठा तसाच राहिला. अज्जी म्हणजे आजी. चार गाई, एक कालवड, पत्र्याची शेड. सकाळी साडेपाचला त्यांच्या दारात लोटे घेऊन रांग लागायची. माझ्या दोन्ही मुलांची हाडं याच दुधावर वाढली.

२०२२ साली लंपीची साथ आली. महाराष्ट्रात ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात तिची सुरुवात झाली आणि कर्नाटकातही गुरांच्या अंगावर गाठी दिसू लागल्या. टीव्हीवर ती चित्रं बघून आमच्या गल्लीतली माणसं घाबरली. नेमक्या त्याच पावसाळ्यात गल्लीत चावऱ्या माशा फार झाल्या. मुलं शाळेची बस यायची वाट बघत उभी राहिली की पायमोज्यांवरून टाचेला चावा! पाऊस आला की या माशा घरात शिरायच्या. दिसायला अगदी घरमाशी. "आता तर घरातल्या माशाही चावायला लागल्या," लोक म्हणू लागले. दोन्ही गोष्टींचा मेळ घातला गेला. माशा अज्जींच्या गाईंच्या, गाईंना लंपी, म्हणजे उद्या आपल्या मुलांना काहीतरी होणार. गोठा उठवा म्हणून पालिकेकडे द्यायचा अर्ज तयार झाला आणि सह्यांचा कागद घरोघर फिरू लागला. ज्यांनी वीस वर्षं अज्जींचं दूध घेतलं त्यांच्याही सह्या त्यावर होत्या.

अज्जी कुणाशी भांडल्या नाहीत. शेडच्या दारात बसून एवढंच म्हणत राहिल्या, "हसु एनु माडितम्मा?" गाईनं काय केलं गं?

या प्रश्नाचं उत्तर दिलं ते आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या मुलीनं. निपाणीकडची, घरी मराठी बोलणारी, हेब्बाळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकत होती. तिनं एक माशी कॉफीच्या रिकाम्या बाटलीत पकडून आणली आणि माझ्यापुढे धरली. "काकू, ही घरमाशी नव्हे. हे बघा की, हिची सोंड." खरंच! घरमाशीचं तोंड खाली लोंबतं. हिच्या डोक्यातून बंदुकीच्या संगीनीसारखी सोंड पुढे आलेली. पाठीवर पोटाच्या भागात पटावरच्यासारखे काळे ठिपके. भिंतीवर बसते ती डोकं वर करून. हिचं नाव स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स. लॅटिनमध्ये कॅल्सिट्रान्स म्हणजे लाथा झाडणारी. लाथा झाडते ती खरं तर गाय, पण नाव पडलं माशीचं.

मग तिनं माझ्या माहेरच्या माशीशी हिची तुलना करून सांगितली. गोमाशी पाठीवर, पोटावर कुठेही बसते. ही बसते मुख्यतः पायांवर. गाईच्या पुढच्या पायांवर आणि माणसाच्या घोट्यावर. गोमाशीची फक्त मादी रक्त पिते. हिच्यात नवराबायको दोघंही रक्तपिते. गोमाशी उघड्या रानाची, सहसा गोठ्याच्या सावलीत शिरत नाही. ही गोठ्याला लागूनच संसार थाटते. गोमाशीची पिढी तयार व्हायला महिने लागतात, पुष्कळ जातींची तर वर्षाला एकच. हिची पिढी उबदार हवेत तीन आठवड्यांत तयार. गोमाशी मोजक्या पण जबर, या लहान पण झुंडीनं. यांचा चावाही दुखरा, तोही अर्धवट सुटतो. त्यामुळे एकीचं रक्त दुसरीला लावायचा उद्योग याही करतात. लंपीचा विषाणू या माशा एका गाईवरून दुसऱ्या गाईवर नेऊ शकतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

"पण लंपी माणसाला होत नाही, काकू," ती ठामपणे म्हणाली. "दूध उकळून प्या, बस्स. आणि माशा गाईतून येत नाहीत. चला, कुठून येतात ते दाखवते."

आम्ही दोघी शेडच्या मागे गेलो. तिथे होती तिप्पे, म्हणजे आपला उकिरडा. गोमूत्रानं भिजलेला पेंढा, गाईंनी तुडवून टाकलेली वैरण आणि यार्डातून फुकट मिळणारी कोबीची पानं, मक्याची सालं. पाण्याच्या टाकीचा नळ गळत होता, त्याचा ओघळ सरळ त्या ढिगात. तिनं काठीनं वरचा थर बाजूला केला. आत कोमट वाफ आणि पांढऱ्या अळ्यांचा खळबळाट! या माशीला नुसतं ताजं शेण फारसं आवडत नाही. तिला हवा असतो चारा, शेण आणि मूत्र यांचा कुजका, ओला काला. तो आयता तयार होता, आणि त्यात भर घालायला आमच्या गल्लीतलीच दोन अपार्टमेंट आपला ओला कचरा रात्री गुपचूप त्याच ढिगावर आणून टाकत होती. सह्यांच्या कागदावर त्यांचीही नावं होती, हे वेगळं सांगायला नकोच.

त्या रविवारी अज्जींचा मुलगा, ती मुलगी, 'हे' आणि गल्लीतले दोन तरुण, एवढ्यांनी मिळून ढीग उपसला. नर्सरीवाल्याला खत म्हणून दिला. नळ दुरुस्त झाला. ठरलं असं की ओला पेंढा आठवड्यातून दोनदा काढायचा आणि गच्चीवर पातळ पसरून वाळवायचा, कारण ओल गेली की अळी जगत नाही. यार्डातली पानं गाईंनी खाल्ली तेवढीच आणायची, उरलेली साठवायची नाहीत. भिंतींना चुना लावला. गाईंच्या अंगावर औषध मारण्यावर फार भिस्त ठेवू नका, असं तिनं बजावलं होतं, कारण ही माशी गाईवर चारदोन मिनिटंच बसते. पोट भरलं की उन्हातल्या भिंतीवर जाऊन बसते. शिवाय पायाला लावलेलं औषध चिखलापाण्यात धुऊन जातं.

दुसऱ्या दिवशी काही जादू झाली नाही. लोक म्हणाले, बघा, माशा आहेतच. पण आधीच उडायला लागलेल्या माशांची पिढी संपायला वेळ लागणारच. तीनेक आठवडे गेले आणि मुलांच्या टाचा शांत झाल्या. अमेरिकेतले पशुपालक गाईच्या पुढच्या पायांवरच्या माशा मोजतात आणि एका पायावर सरासरी पाचाच्या वर गेल्या की उपायाला लागतात. ती मुलगी तेच मोजून वहीत लिहायची. आकडा उतरताना अज्जींना वाचून दाखवायची. गाईंचं पाय आपटणं, एकमेकींना खेटून उभं राहणं कमी झालं, धारेच्या वेळी बादलीला लाथ बसेनाशी झाली आणि दूधही वाढलं. दरम्यान सरकारी लसीकरणाचं पथक येऊन गेलं. शेळ्यांच्या देवीची लस तेव्हा लंपीसाठी देत होते. कालवडीच्या अंगावर पाचसहा गाठी आल्या, पण तिला लगेच वेगळं बांधलं, आणि ती वाचली. गाई चारही सुखरूप. सह्यांचा कागद कुणाच्या घरी राहिला, ते कुणालाच आठवेना!

आता तुम्ही म्हणाल, मग गोमाशीवरही असाच ढीग उपसायचा का? नाही, आणि खरा फरक इथेच आहे. चावरी माशी आपल्या ओल्या कचऱ्यातून जन्मते. तिचं घर आपण बांधलेलं असतं, म्हणून ते मोडणंही आपल्या हातात. गोमाशी तळ्याच्या चिखलातून येते. तळी आपण आटवू शकत नाही, आणि आटवूही नयेत. तिच्यापुढे उपाय उरतो तो चुकवण्याचा. भर दुपारी पाणथळ काठाला जनावरं न नेणं, चराई सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर ठेवणं, दुपारी त्यांना सावलीत बांधणं. आपल्या वाडवडिलांनी संध्याकाळी गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करायची पद्धत घातली, ती काही उगीच नव्हे. धुरानं माशी मरत नाही, पण त्या धुरात ती थांबत नाही. धूर जनावराच्या डोळ्यांत जाईल इतका मात्र नको.

एक गमतीचा उपाय जपानमध्ये निघाला. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली काळ्या गाईंच्या अंगावर पांढरे पट्टे रंगवून त्यांना झेब्रा करून टाकलं. पट्टेवाल्या गाईंना माशा जवळजवळ निम्म्यानंच चावल्या. पट्ट्यांमुळे माशीला नीट उतरता येत नाही, असं म्हणतात. २०२५ साली या प्रयोगाला, हसवता हसवता विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं इग नोबेल पारितोषिक मिळालं. मी हे अज्जींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, त्यात काय, आम्ही संक्रांतीला गाई रंगवतोच की! इथे संक्रांतीच्या संध्याकाळी गाईंना हळद लावून, सजवून पेटत्या गवतावरून उडी मारायला लावतात. अंगावरचे किडे जातात, म्हणतात जुनी माणसं.

माणसांपुरतं सांगायचं, तर या माशांच्या चाव्याला घाबरून जायचं कारण नाही. जागा साबणानं धुवावी, बर्फ लावावा, खाजवू नये. सूज पसरत गेली, ताप आला किंवा दम लागला, तर मात्र डॉक्टरकडे जावं. काहींना गोमाशीचा चावा फार बाधतो. आणि आजारी जनावराला हाताळताना हाताला जखम असेल तर ती झाकावी. आमच्या जिल्ह्यातल्या त्या शेतकऱ्याच्या हकिगतीतून एवढा धडा तर प्रत्येकानं घ्यावाच.

आज दादाकडे ट्रॅक्टर आला आहे, तरी एक बैलजोडी दावणीला आहेच. रोवणी आटोपली की तो आजही जनावरांना अकरा ते चार तळ्याच्या बाजूला जाऊ देत नाही. बैलानं एक वेळ चारा सोडला की लांबच्या खुंट्याला बांधतो आणि मगच डॉक्टरांना फोन करतो. त्याच्या गोठ्याच्या दोन टोकांना दोन खुंटे आहेत, आणि त्यांतला एक कायम रिकामा असतो. पाहुणे विचारतात, हा कुणासाठी? दादा सांगतो, "हा चांद्यानं शिकवला."